रिकाम्या खुर्चीशी शेकहँड

मराठीत एक झकास वाक्प्रचार आहे, 'वेड पांघरून पेडगावला जाणे'. पेडगाव हे खरंखुरं गाव आहे, श्रीगोंदा तालुक्यात, भीमेच्या काठी. तिथेच का जायचं याच्या दोन-चार कथा ऐकायला मिळतात, त्यात आज शिरत नाही. मला त्यातलं 'पांघरून' हे क्रियापद आवडतं. वेड घोंगडीसारखं अंगावर घेता येतं आणि काम झालं की घडी करून ठेवताही येतं, हे ज्या कुणी हा वाक्प्रचार जन्माला घातला त्याला पक्कं ठाऊक होतं.

आता त्यापुढचा प्रश्न. समोरच्याने घोंगडी पांघरली आहे की तो खरंच आजारी आहे, हे तिसऱ्या माणसाने ओळखायचं कसं? आणि हा तिसरा माणूस कोर्टाने नेमलेला तज्ज्ञ असेल, समोरचा खुनाचा आरोपी असेल, तर? एका बाजूला चूक झाली तर खुनी आरामात सुटतो. दुसऱ्या बाजूला चूक झाली तर आजारी माणूस फासावर जातो.

ग्रीक पुराणात याची एक जुनी टेस्ट आहे. ट्रॉयच्या युद्धाला जायचं टाळण्यासाठी ओडिसियस वेडाचं सोंग घेतो, नांगर चालवून शेतात मीठ पेरत बसतो. पालामिडीस नावाचा चलाख गडी ओडिसियसचं तान्हं पोर उचलून नांगरापुढे ठेवतो. ओडिसियस झटकन नांगर वळवतो. सोंग उघडं पडतं, स्वारी युद्धाला रवाना.

गोष्ट छान आहे, पण टेस्ट म्हणून पाहिलं तर एकदम कच्ची. खरोखर वेडा झालेला बापसुद्धा पोराला पाहून नांगर वळवेलच की! पालामिडीसने खऱ्या वेड्या बापांवर ही टेस्ट आधी चालवून पाहिली होती का? नव्हती. ही शंका डोक्यात ठेवा. पुढचा सगळा इतिहास याच शंकेभोवती फिरतो.

कायद्याने दार उघडलं

वेडाचं सोंग जुनं असलं तरी त्याला कोर्टात खरा भाव आला तो एकोणिसाव्या शतकात. १८४३ साली लंडनमध्ये डॅनियल मॅक्नॉटन नावाच्या माणसाने एडवर्ड ड्रमंड यांना गोळी घातली. ड्रमंड हे पंतप्रधान रॉबर्ट पील यांचे खाजगी सचिव. मॅक्नॉटनला वाटत होतं की सरकारी पक्षाचे लोक हात धुऊन आपल्या मागे लागलेत. ज्यूरीने त्याला मनोविकाराच्या कारणावरून निर्दोष ठरवलं, केवढा तरी गदारोळ झाला, आणि त्यातून इंग्लंडच्या न्यायाधीशांनी नियम घालून दिले. ढोबळमानाने सांगायचं तर, आपण काय करतोय किंवा ते चुकीचं आहे, हे आजारामुळे ज्याला कळतच नव्हतं, त्याला गुन्हेगार धरायचं नाही.

हेच तत्त्व १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ८४ म्हणून आलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात ते कलम २२ आहे. म्हणजे पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा लंडनचा गोळीबार आजही आपल्या कोर्टांत अप्रत्यक्षपणे हजेरी लावतो.

कायद्याने आजारी माणसासाठी दार उघडलं, ते योग्यच होतं. पण दार उघडलं की त्यातून घुसायला बघणारेही येणारच. मग दारावर पहारेकरी हवा. हे काम आलं मनोविकारतज्ज्ञांकडे, आणि सुरुवातीला त्यांच्याकडे अनुभव आणि अंदाज यांपलीकडे फारसं काही नव्हतं.

केन आणि स्टीव्ह

या विषयातली मला सगळ्यात शिकवून गेलेली केस अमेरिकेतली, १९७९ सालची. ती जरा सविस्तर सांगतो.

ऑक्टोबर १९७७ ते फेब्रुवारी १९७८ या काळात लॉस एंजेलिसच्या परिसरात दहा मुली आणि तरुणींचे खून झाले. गळा आवळून मारायचं आणि प्रेत डोंगरउतारावर टाकायचं, ही पद्धत. पेपरवाल्यांनी नाव दिलं 'हिलसाइड स्ट्रँगलर'. मग खून अचानक थांबले. जानेवारी १९७९ मध्ये कितीतरी दूर, वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅम गावात दोन कॉलेज विद्यार्थिनींचा तसाच खून झाला. संशय गेला केनेथ बियांकी नावाच्या सिक्युरिटी गार्डवर. सत्तावीस वर्षांचा, दिसायला चारचौघांसारखा, बोलायला गोड. पुरावे भक्कम होते आणि त्या राज्यात फाशीची शिक्षा होती.

बियांकीचं म्हणणं एकच, मला काही आठवत नाही. बचाव पक्षाने जॉन वॉटकिन्स या मानसशास्त्रज्ञांना बोलावलं. संमोहनातले ते नावाजलेले तज्ज्ञ. मार्च १९७९ मध्ये त्यांनी बियांकीला संमोहित केलं आणि विचारलं, केनच्या आत आणखी कुणी भाग आहे का, जो माझ्याशी अजून बोललेला नाही? आला की! आवाज बदलला, बसण्याची ढब बदलली, तोंडी शिव्या आल्या. हा म्हणे 'स्टीव्ह'. खून मी केले, केन भोळा आहे, त्याला काही ठाऊक नाही, असं स्टीव्हने छाती ठोकून सांगितलं. या सगळ्याचं व्हिडिओ रेकॉर्डिंग झालं. वॉटकिन्स यांचं निदान, एकाच शरीरात दोन व्यक्तिमत्त्वं. बहुव्यक्तिमत्त्वाच्या विषयातले डॉक्टर राल्फ अ‍ॅलिसन यांनीही तपासलं आणि तेही त्याच मताला आले. हे टिकलं असतं तर बियांकी वेडाच्या बचावावर फाशीतून सुटला असता, आणि लॉस एंजेलिसच्या खुनांतला त्याचा साथीदार, मावसभाऊ अँजेलो ब्युओनो, त्याच्यावरची केसही लंगडी झाली असती.

सरकारी पक्षाने बोलावलं मार्टिन ऑर्न यांना. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले मनोविकारतज्ज्ञ. या माणसाने संशोधनात एक साधी पण जबरी युक्ती वापरली होती. १९५९ च्या त्यांच्या गाजलेल्या लेखात ती सापडते. संमोहनाचे प्रयोग करताना ते दोन गट घ्यायचे. एक गट खरोखर संमोहित होणाऱ्यांचा. दुसऱ्या गटाला सांगायचं, तुम्ही संमोहित झाल्याचं नाटक करा. आणि प्रयोग करणाऱ्याला कोण कुठल्या गटातलं हे ठाऊक नसायचं. मग दोन्ही गट कुठे वेगळे वागतात ते बघत बसायचं. म्हणजे पालामिडीसने जे केलं नव्हतं, नेमकं तेच.

यातून ऑर्न यांना एक गंमत दिसली होती. संमोहित माणसाला सांगितलं, 'त्या रिकाम्या खुर्चीत तुझा मित्र बसलाय', तर त्याला तो दिसतो. मग खऱ्या मित्राला खोलीत आणून दाखवलं, तर बऱ्याच जणांना दोन्ही दिसतात आणि त्याचं त्यांना फारसं काही वाटत नाही. नाटक करणाऱ्याला मात्र ही विसंगती खुपते. तो विचार करतो, 'शहाण्या माणसाला हे खटकेल, म्हणजे मलाही खटकल्याचं दाखवलं पाहिजे.'

बियांकीवर ऑर्न यांनी हेच केलं. समोरच्या रिकाम्या खुर्चीत तुझा वकील बसलाय, असं सांगितलं. बियांकीने त्या हवेतल्या वकिलाशी गप्पा तर मारल्याच, वर उठून त्याच्याशी शेकहँड केला. ऑर्न यांच्या अनुभवात संमोहित माणूस भासाला आपणहून असा हात लावायला जात नसे. मग खरा वकील आत आला. बियांकी चकित! हा दोन ठिकाणी कसा काय असू शकतो, असं मोठमोठ्याने आश्चर्य. गरजेपेक्षा जास्तच.

दुसरा सापळा तर आणखी साधा होता. संमोहनाआधी ऑर्न सहज बोलावं तसं बोलून गेले की बहुव्यक्तिमत्त्वाच्या खऱ्या केसमध्ये नुसती दोन व्यक्तिमत्त्वं सहसा नसतात, निदान तीन तरी सापडतात. पुढच्या संमोहनात तिसरा हजर. नाव 'बिली'.

इकडे लॉस एंजेलिसचे डिटेक्टिव्ह फ्रँक सलेर्नो यांनी एक वेगळी गोष्ट टिपली. स्टीव्ह बोलताना मध्येच घसरत होता, 'मी'च्या जागी 'तो' म्हणत होता. शिवाय स्टीव्हने आपलं आडनावही सांगितलं होतं. ते आडनाव सलेर्नोंना बियांकीच्या कागदपत्रांत सापडलं. बियांकीने पूर्वी लॉस एंजेलिसमध्ये मानसशास्त्रज्ञ असल्याचा बनाव केला होता. त्यासाठी नोकरीची खोटी जाहिरात देऊन एका खऱ्या विद्यार्थ्याची प्रमाणपत्रं मिळवली आणि त्याच्या नावाने पदवीचे कागद मागवले. त्या विद्यार्थ्याचं नाव आणि या 'दुसऱ्या व्यक्तिमत्त्वाचं' नाव एकच. आतल्या अंधारातून प्रकटलेला राक्षस प्रत्यक्षात फाइलमधल्या कागदावरून उचललेला निघाला.

ऑक्टोबर १९७९ मध्ये बियांकीने वेडाचा बचाव सोडून गुन्हा कबूल केला आणि मावसभावाविरुद्ध साक्ष द्यायचं मान्य करून फाशी टाळली. ब्युओनोचा खटला दोन वर्षं चालला आणि १९८३ मध्ये तोही नऊ खुनांसाठी दोषी ठरला.

टेस्टनेच उत्तर फोडलं तर?

तुम्ही म्हणाल, चला, ऑर्न जिंकले, वॉटकिन्स हरले. तितकं सरळ नाही. वॉटकिन्स शेवटपर्यंत आपल्या निदानावर ठाम राहिले. १९८४ मध्ये संमोहनविषयक एकाच संशोधनपत्रिकेत दोघांची बाजू छापून आली. ऑर्न यांच्या 'दोन वकील' टेस्टवरही पुढे इतर संशोधकांनी शंका घेतल्या, ती वाटते तितकी नेमकी नाही म्हणून. ऑर्न यांनी स्वतःही एकाच टेस्टवर भार टाकला नव्हता. स्टीव्हला आयुष्यात आधी कधी कुणी भेटलं होतं का, हेही त्यांनी तपासलं होतं. तसा कुणी सापडला नाही.

मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो १९८५ चा निकोलस स्पॅनोस यांचा कॅनडातला प्रयोग. त्यांनी साध्या कॉलेजच्या मुलांना सांगितलं, तुम्ही खुनाचे आरोपी आहात असं समजून वागा. मग काही जणांची मुलाखत बियांकीच्या मुलाखतीसारखी घेतली, तोच तो 'आत आणखी कुणी भाग आहे का' छापाचा प्रश्न विचारून. बहुतेकांनी स्वतःला नवीन नाव देऊन दुसरं व्यक्तिमत्त्व हजर केलं! कुणी त्यांना शिकवलं नव्हतं. प्रश्नातच उत्तर होतं.

आमच्या धंद्यात याला फार जवळची गोष्ट आहे. टेस्ट लिहिणाऱ्याने अपेक्षित आउटपुट इनपुटमध्येच ठेवलं की टेस्ट कायम हिरवी दिसते, आणि त्या हिरव्या टिकेचा उपयोग शून्य. वॉटकिन्स खोटं बोलत नव्हते. त्यांनी फक्त उत्तर सुचवणारा प्रश्न विचारला, आणि समोरचा हुशार होता.

सोपं काम अवघड भासवायचं

ऑर्न यांच्या युक्तीचं सार एका वाक्यात सांगता येईल. सोंग घेणाऱ्याला आजार कसा असतो हे ठाऊक नसतं, आजार कसा असेल याची लोकांची कल्पना काय आहे तेवढंच ठाऊक असतं. या दोन्हींत जिथे फट आहे तिथे सापळा लावायचा. आज वापरात असलेल्या बऱ्याचशा चाचण्या याच फटीत बसवलेल्या आहेत.

स्वित्झर्लंडच्या आंद्रे रे या मानसशास्त्रज्ञाची पंधरा खुणांची चाचणी बघा. एक कार्ड दहा सेकंद दाखवतात. त्यावर पंधरा गोष्टी. आधीच बजावतात, पंधरा आहेत बरं का, नीट लक्षात ठेवा. ऐकणाऱ्याला वाटतं, बाप रे! पण कार्डावर असतं काय, तर ए-बी-सी मोठ्या लिपीत, ए-बी-सी छोट्या लिपीत, एक-दोन-तीन आकड्यांत, एक-दोन-तीन रोमन आकड्यांत, आणि गोल-चौकोन-त्रिकोण. म्हणजे लक्षात ठेवायच्या गोष्टी खऱ्या पाचच. मेंदूला बऱ्यापैकी इजा झालेली माणसंही यातलं बरंच लिहून दाखवतात. स्मरणशक्ती गेल्याचं सोंग करणारा मात्र 'अवघड' या शब्दाला फसतो आणि खऱ्या रुग्णांपेक्षाही वाईट करतो. अर्थात गंभीर डिमेन्शिया किंवा मतिमंदत्व असेल तर ही चाचणीही चुकते, म्हणून हल्ली एकट्या तिच्यावर कुणी विसंबत नाही.

दुसरी पद्धत मला गणितामुळे फार आवडते. १९७५ मध्ये लॉरेन पँक्रॅट्झ आणि सहकाऱ्यांनी ऐकू येत नाही म्हणणाऱ्या रुग्णासाठी ती वापरली. दोन पर्याय द्यायचे, एक निवडायला लावायचा. 'माहीत नाही' चालणार नाही, अंदाजाने सांगा. याच तत्त्वावर पुढे स्मरणशक्तीच्या चाचण्या आल्या. १९९६ साली टॉम टॉम्बॉ यांनी केलेल्या चाचणीत पन्नास चित्रं दाखवतात, मग प्रत्येक वेळी दोन चित्रं ठेवून विचारतात, यातलं आधी कुठलं पाहिलंत?

आता हिशोब करा. ज्याला खरंच काहीच आठवत नाही तो नाणं उडवल्यासारखी उत्तरं देणार, म्हणजे पन्नासपैकी साधारण २५ बरोबर. २२ आले, २८ आले, ठीक. पण १५ किंवा त्याहून कमी बरोबर येण्याची शक्यता सुमारे ३०० त १. आणि १० किंवा त्याहून कमी? सुमारे ८० हजारांत १. इतकी चुकीची उत्तरं नशिबाने येत नाहीत. त्यासाठी बरोबर उत्तर ठाऊक असावं लागतं आणि ते मुद्दाम टाळावं लागतं. शून्य मार्क मिळवणाऱ्याला पेपर पूर्ण येत होता हे सिद्ध करणारी परीक्षा ती हीच. :-)

लक्षणांच्या बाबतीतही हीच फट कामाला येते. १९४३ च्या मिनेसोटा व्यक्तिमत्त्व चाचणीत अशी बरीच विधानं पेरली होती ज्यांना सामान्य लोकांतले दहा टक्क्यांहूनही कमी लोक 'हो' म्हणतात. ज्याने त्यातल्या ढीगभर विधानांना 'हो' म्हटलं तो एक तर फार आजारी, नाही तर प्रश्न न वाचता खुणा करणारा, नाही तर सोंगाड्या. १९९२ मध्ये रिचर्ड रॉजर्स यांनी यासाठीच बांधीव मुलाखत तयार केली. तिच्यात फारच दुर्मीळ लक्षणं असतात, अशक्यप्राय लक्षणं असतात, आणि एकेकटी चालतील पण सहसा एकत्र न येणारी लक्षणंही असतात. स्किझोफ्रेनियात आवाज ऐकू येणं हे खरं लक्षण आहे. पण ते आवाज बहुतेकांना येऊन-जाऊन असतात, आणि ते कमी व्हावेत म्हणून रुग्ण काही ना काही उपाय करून बघत असतो, रेडिओ लावतो, कुणाशी तरी बोलत बसतो. सोंगाड्याचे आवाज चोवीस तास चालू, उपाय काही नाही, आणि सिनेमातल्यासारखे नेमके आदेश देणारे. त्याचा अभ्यासक्रमच सिनेमा असतो.

काळंपांढरं नसलेल्या केस

आता वाटेल, चाचण्या झाल्या, प्रश्न मिटला. दोन माणसं हे मान्य करू देत नाहीत.

पहिला रुडॉल्फ हेस, हिटलरचा एकेकाळचा उपनेता. न्यूरेंबर्गच्या खटल्यात त्याने स्मरणशक्ती गेल्याचं सांगितलं. चार देशांच्या डॉक्टरांनी तपासलं. मत असं पडलं की हा वेडा नाही, पण स्मृतिभ्रंश काही अंशी मानसिक आहे. गिल्बर्ट हे तुरुंगातले मानसशास्त्रज्ञ त्याला म्हणाले, कदाचित तुला खटल्यातून वगळतील. ३० नोव्हेंबर १९४५ ला हेस कोर्टात उठला आणि म्हणाला, माझा विस्मरणाचा आव हा डावपेचाचा भाग होता! कोर्टाने त्याला खटल्याला लायक ठरवलं. गोष्ट इथे संपती तर बरं. पुढे त्याची स्मृती पुन्हा गेल्यासारखी झाली. मग कोणतं नाटक होतं, विसरणं की 'मी नाटक करत होतो' हे सांगणं? जर्मनीच्या सिगबर्ट गान्झर यांनी तर १८९८ मध्येच काही कैद्यांबद्दल लिहून ठेवलं होतं की ते दोन अधिक दोन पाच अशा थाटाची, जवळपासची पण चुकीची उत्तरं देतात. प्रश्न समजला आहे हे उत्तरावरूनच दिसतं. कुणालाही सोंगच वाटावं, पण गान्झर यांना ते सोंग वाटलं नाही.

दुसरा व्हिन्सेंट गिगांटे, न्यूयॉर्कच्या जेनोव्हेझे माफिया टोळीचा बॉस. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून हा माणूस ग्रीनविच व्हिलेजच्या रस्त्यांवरून बाथरोब आणि सपाता घालून, स्वतःशी पुटपुटत फिरायचा. वीसपेक्षा जास्त वेळा मनोरुग्णालयात दाखल झाला. नामांकित डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया, डिमेन्शिया अशी निदानं केली. आणि रात्री हाच टोळीचा कारभार बघत होता. त्याला उघडं पाडलं ते फुटलेल्या साथीदारांच्या साक्षींनी आणि तुरुंगातल्या फोनवर रेकॉर्ड झालेल्या नॉर्मल गप्पांनी. १९९७ मध्ये तो दोषी ठरला आणि एप्रिल २००३ मध्ये त्याने कोर्टात कबूल केलं की आजाराचं सोंग होतं. जवळजवळ तीस वर्षांचं नाटक!

सलेर्नोंना सापडलेला कागद आणि गिगांटेचे फोन, यातून मी एकच धडा घेतो. तपासणीच्या खोलीत जे दिसतं त्यापेक्षा खोलीबाहेरचं आयुष्य जास्त बोलकं असतं. शेजारी काय म्हणतात, कोठडीतला शिपाई रात्री काय बघतो, दहा वर्षांपूर्वीच्या केसपेपरवर काय आहे. प्रॉडक्शनचे लॉग न बघता नुसता डेमो बघून सिस्टिमबद्दल मत देऊ नये, तसंच.

आणि उलटी चूक?

आतापर्यंत सगळे सोंगाडे झाले. वाचताना मजा येते, कारण पकडलेल्या लबाडाची गोष्ट कुणाला आवडत नाही! पण माझी खरी काळजी दुसऱ्या बाजूची आहे.

समजा, एक चाचणी दोन्ही बाजूंनी ९० टक्के अचूक आहे. १००० आरोपी तपासले, त्यातले १५० सोंगाडे आणि ८५० खरे आजारी, असं धरू. चाचणी १५० पैकी १३५ सोंगाडे पकडते. छान. पण ८५० पैकी ८५ खऱ्या आजारी माणसांवरही 'सोंगाडा' असा शिक्का मारते. म्हणजे शिक्का बसलेल्या २२० जणांपैकी ८५, जवळपास दर पाचातले दोन, निर्दोषपणे लबाड ठरले. सोंगाडे ५ टक्केच असते तर शिक्का बसलेल्यांत दोन तृतीयांशांहून जास्त खरे आजारी निघाले असते. आकडे मी उदाहरणापुरते घेतलेत, पण गणित कुठेही बदलत नाही. चाचणीच्या पुस्तकात अचूकता ९० टक्के लिहिलेली असते, कोर्टात शिक्का बसलेला माणूस मात्र एकच उभा असतो.

डोक्यात संशय भरला की काय होतं, याचं डेव्हिड रोझेनहॅन यांनी १९७३ मध्ये एक गाजलेलं उदाहरण दिलं होतं. एका इस्पितळाला त्यांनी सांगितलं, तुमच्याकडे खोटे रुग्ण पाठवतोय, ओळखा. १९३ रुग्णांपैकी ४१ जणांना कुणा ना कुणा कर्मचाऱ्याने खात्रीने खोटं ठरवलं. रोझेनहॅन म्हणतात, मी एकही पाठवला नव्हता. (२०१९ मध्ये सुझाना कॅहलन यांनी पुस्तक लिहून रोझेनहॅन यांच्या एकूण संशोधनाच्या प्रामाणिकपणावरच गंभीर शंका घेतल्या, तेव्हा हे आकडे जपूनच घ्यायचे.)

आपल्याकडचं उदाहरण मुंबईचं आहे. रामन राघव. अनुराग कश्यपच्या २०१६ च्या सिनेमामुळे नाव तरी अनेकांना माहीत असेल, सिनेमाची गोष्ट वेगळी आहे. खरा रामन राघव ऑगस्ट १९६८ मध्ये पकडला गेला. उपनगरांत फुटपाथवर आणि झोपड्यांत झोपलेल्या गरीब माणसांना रात्री ठेचून मारणारा. १९६९ च्या खटल्यात पोलीस सर्जनने त्याला महिनाभर निरीक्षणाखाली ठेवून मत दिलं की याला मनोविकार नाही, स्मरणशक्ती चांगली, आपण काय करतो हे याला कळतं. बचाव पक्षाच्या मनोविकारतज्ज्ञाचं मत उलटं, जुना स्किझोफ्रेनिया. सत्र न्यायालयाने फाशी दिली. राघवने अपील करायलाही नकार दिला.

फाशी कायम करण्याआधी उच्च न्यायालयाने तीन मनोविकारतज्ज्ञांचं मंडळ नेमायला लावलं. हे मंडळ त्याला पाच वेळा भेटलं, दर वेळी सुमारे दोन तास. त्याच्या बोलण्यात दोन जगं होती, एक हे पापी जग आणि दुसरं 'कानून'चं. शेवटच्या भेटीनंतर डॉक्टरांनी निरोप घेताना हात पुढे केला. त्याने तो घेतला नाही. मी कानूनचा प्रतिनिधी आहे, या दुष्ट जगातल्या माणसांना मी शिवत नाही, असं काहीसं तो म्हणाला. मंडळाने त्याला आजारी ठरवलं. १९८७ मध्ये फाशीची जन्मठेप झाली. १९९५ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात तो वारला.

बियांकीने तपासणी चालू असताना हवेशी हात मिळवला, कारण वेडा माणूस असंच काहीतरी करत असेल असं त्याला वाटलं. राघवने तपासणी संपल्यावर खऱ्या माणसाचा हात नाकारला, जेव्हा त्यातून त्याला काही मिळणार नव्हतं. आणि तरीही एका अनुभवी सरकारी डॉक्टरने महिनाभर बघून 'आजार नाही' असंच लिहिलं होतं. स्मरणशक्ती चांगली, बोलणं सुसंगत, म्हणजे डोकं ठिकाणावर, हाही एक सिनेमाछाप समज आहे. फक्त तो सोंगाड्याच्या नव्हे, तपासणाऱ्याच्या डोक्यात असतो.

म्हणून एखाद्या यंत्राने हा प्रश्न कायमचा सुटावा असं आपल्याला वाटत राहतं. नार्को, ब्रेन मॅपिंग, लाय डिटेक्टर यांचं आपल्याकडे केवढं कौतुक होतं! २०१० मध्ये सेल्वी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने संमतीशिवाय या गोष्टी करायला मनाई केली, ते बरंच झालं. मनाची घोंगडी उचलून आत बघणारं यंत्र नाही. आहेत त्या नीट घासूनपुसून घेतलेल्या टेस्ट, उत्तर न सुचवणारे प्रश्न, खोलीबाहेरचे पुरावे, आणि पाच-पाच वेळा, दोन-दोन तास समोर बसायची तयारी.

यातली शेवटची गोष्ट सगळ्यात महाग आहे, आणि कामाच्या रेट्यात सगळ्यात आधी तिलाच कात्री लागते. उद्या कुठल्या तरी खटल्याच्या बातमीत 'आरोपी वेडाचं सोंग करतोय' असं वाचलंत, तर मत बनवायच्या आधी एवढंच विचारा. त्याला किती वेळ, किती वेळा, आणि कुणी तपासलं?